होम असिस्टंटमधले सेन्सर आणि अ‍ॅट्रिब्यूट: ताकद मोठी, पण चूक झाली तर सांगत नाही

होम असिस्टंट हे घरातली स्मार्ट उपकरणं एकत्र चालवणारं सॉफ्टवेअर. ते फुकट आहे, ओपन सोर्स आहे आणि रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर किंवा जुन्या मिनी पीसीवर घरच्या घरी चालतं. इथे परीक्षण फक्त एका भागाचं: सेन्सरचं रीडिंग आणि उपकरणाचे अ‍ॅट्रिब्यूट.

प्रत्येक एंटिटीला (म्हणजे यात नोंदलेल्या सेन्सरला किंवा उपकरणाला) एक स्टेट, म्हणजे सध्याची मुख्य स्थिती, असते आणि तिच्या जोडीला अ‍ॅट्रिब्यूट, म्हणजे जास्तीची माहिती. एसीची स्टेट 'कूल' किंवा 'ऑफ', खोलीचं तापमान मात्र अ‍ॅट्रिब्यूटमध्ये. नोंदी साठवणारा रेकॉर्डर नेहमीचा इतिहास १० दिवसांनी पुसतो (हा आकडा बदलता येतो). दर तासाची स्टॅटिस्टिक्स (रीडिंगचा सारांश) कायम राहते, पण ती अ‍ॅट्रिब्यूटची साठत नाही. म्हणून मे महिन्यातलं तापमान डिसेंबरात बघायचं असेल, तर त्या अ‍ॅट्रिब्यूटचा वेगळा टेम्पलेट सेन्सर (दुसऱ्या एंटिटीतून मूल्य घेणारा, आपण बनवलेला सेन्सर) करावाच लागतो. त्यात डिव्हाइस क्लास 'टेम्परेचर', युनिट '°C' आणि स्टेट क्लास 'मेझरमेंट' भरा. स्टेट क्लास राहून गेला तर स्टॅटिस्टिक्स साठतच नाही: आलेख दहा दिवस झकास दिसतो आणि मग मागचं सगळं गायब. एररही येत नाही. या सॉफ्टवेअरचा आम्हाला सर्वात खटकणारा दोष हाच. सेन्सर यामलमध्ये (सेटिंगच्या मजकूर फाइलमध्ये) लिहीत असाल तर युनिक आयडीही द्या, नाहीतर सेन्सरचं नाव किंवा खोली स्क्रीनवरून बदलता येत नाही.

विजेचा हिशेब ही याची सर्वात उपयोगी बाजू, आणि सर्वात जास्त गोंधळही तिथेच. वापराच्या हिशेबासाठी एनर्जी डॅशबोर्डला वॅट चालत नाहीत, किलोवॅट-तास (वीजबिलातली युनिट) लागतात. स्मार्ट प्लग फक्त वॅट देत असेल तर वॅटवरून युनिट काढणारा 'इंटिग्रल' हेल्पर जोडा: प्रीफिक्स किलो, वेळ तासात, पद्धत 'लेफ्ट' (नवा आकडा येईपर्यंत आधीचाच धरणारी). मुळात निवडलेली 'ट्रॅपेझॉइडल' ठेवू नका. बरेच प्लग बदल झाला तरच आकडा पाठवतात. २ तास बंद असलेला २००० वॅटचा गीझर चालू झाला, की ती पद्धत शून्यापासून २००० पर्यंत तिरकी रेघ ओढते आणि न जळलेली २ युनिट हिशेबात घालते.

दुसरा घोटाळा वीज गेल्यावर होतो. होम असिस्टंट इन्व्हर्टरवर चालू असतं, प्लग मात्र 'अनअव्हेलेबल' होतो. प्लगच्या युनिटवरून केलेल्या टेम्पलेटमध्ये 'फ्लोट(०)' (आकडा मिळाला नाही तर शून्य धरा) लिहिलेलं असेल तर रीडिंग शून्य येतं. स्टेट क्लास 'टोटल इन्क्रीझिंग' (वाढतच जाणारी बेरीज) असल्याने मीटर रीसेट झाला असं धरलं जातं, आणि वीज आल्यावर मीटरवरची आधीची सगळी, समजा ६४०, युनिट एका तासात जळाल्याचा खांब उभा राहतो. त्यावर उपाय एका ओळीचा: टेम्पलेटला 'अव्हेलेबिलिटी' द्या आणि मूळ सेन्सरला खरं मूल्य आहे का, हे 'हॅज व्हॅल्यू'ने तपासा. झालेली चूक डेव्हलपर टूल्समधल्या 'स्टॅटिस्टिक्स'मध्ये तो तास शोधून हाताने दुरुस्त करता येते. ही सोय खरंच उत्तम आहे.

तिथेच 'स्टेट्स'मध्ये कुठलंही रीडिंग हाताने बदलून ऑटोमेशन तपासता येतं. प्रत्यक्ष उपकरणाला त्याने काही होत नाही, आणि पुढचं खरं रीडिंग आलं की तुमचा आकडा पुसला जातो.