पॉइंट स्प्रेड: अख्खा सिझन वापरून झाल्यावरचं मत

सरळच सांगतो, मॅच समजायला स्प्रेड, म्हणजे नुसतं कोण जिंकेल यावर नाही तर पॉइंटच्या ठरलेल्या फरकावर बेट लावायचा प्रकार, एकदम भारी, पैसे कमवायला अजिबात नाही. गेला अख्खा एनएफएल (अमेरिकन फुटबॉलची लीग) सिझन आणि जोडीला थोडं एनबीए (बास्केटबॉलची) मी स्प्रेड घेऊनच बघितलं, खरे पैसे न लावता, नुसती वहीत लाईन, म्हणजे त्या मॅचला ठरवलेला फरकाचा आकडा, लिहायची आणि मॅच संपली की निकाल टाकायचा. त्यामुळे हा रिव्ह्यू कुठल्या ॲपचा नाही, या प्रकाराचाच आहे.

ज्यांना पहिल्यापासून हवंय त्यांच्यासाठी पटकन. समजा एका टीमपुढे -६.५ लिहिलंय आणि समोरच्या टीमपुढे +६.५. मायनसवाली फेव्हरिट, तिने ७ किंवा जास्त पॉइंटनी जिंकायला हवं तरच तिच्यावरची बेट पास. प्लसवाली अंडरडॉग, ती जिंकली तर प्रश्नच मिटला पण ६ ने हरली तरी बेट पास. लाईन पूर्ण आकड्याची असली, म्हणजे -७, आणि फरक बरोबर ७ आला तर पुश, पैसे परत. ओव्हरटाईमही धरतात बरं का, २०१७ च्या सुपर बोलमध्ये (एनएफएलची फायनल) पेट्रियट्स -३ होते, ठरलेल्या वेळेत २८-२८, मग ओव्हरटाईमला टचडाऊन (६ पॉइंट) आणि ३४-२८, झालं कव्हर, म्हणजे लाईनपेक्षा जास्त फरकाने जिंकले. नियम एवढेच, दहा मिनिटांत कळतात.

खरी मजा आकड्यांत आहे. फील्ड गोल ३ चा, टचडाऊन अधिक एक्स्ट्रा पॉइंट ७, त्यामुळे एनएफएलच्या मॅच ३ च्या फरकाने सगळ्यात जास्त संपतात आणि त्याखालोखाल ७ चा नंबर. २०२३ चा सुपर बोल ३८-३५, २०२४ चा २५-२२, दोन्हीत फरक ३ च. म्हणून -२.५ आणि -३.५ यांच्यात दिसायला एकच पॉइंट पण वहीत बघाल तर कितीतरी निकाल त्या एका पॉइंटवर फिरलेले असतात, आणि -८.५ का -९.५ यावर डोकं खाजवण्यात मात्र काही हशील नाही. एनबीएत ही भानगड फारशी नाही, तिथे स्कोअर शंभरच्या वर जातो आणि फरक कुठेही पडतो. मला तरी त्यामुळे एनएफएलचा स्प्रेड जास्त आवडला.

दुसरं म्हणजे लाईन बघून लोक समजतात की बुकीने अंदाज सांगितलाय, इतक्याने जिंकणार म्हणून. तो भाव असतो हो, पैसा आला की हलतो. १९७९ चा सुपर बोल यासाठी वाचाच, स्टीलर्स -३.५ ला उघडले, सगळे त्यांच्यावर तुटून पडले, मग लाईन -४.५ पर्यंत सरकवली, तर तिकडून काउबॉइजवर पैसे आले, आणि स्टीलर्स जिंकले ३५-३१ ने. फरक ४! लवकर स्टीलर्स घेतलेले पण जिंकले, उशिरा काउबॉइज घेतलेले पण जिंकले, बुकी दोन्हीकडून झोडपले गेले. आणि लाईन कितीही मोठी असली तरी १९६९ ला कोल्ट्स १८ पॉइंटचे फेव्हरिट असताना जेट्सनी त्यांना १६-७ हरवलंच होतं.

आता पैशाचं. स्प्रेडच्या बाजूला बहुतेक वेळा -११० लिहिलेलं असतं त्याच्याकडे नवीन माणूस बघतच नाही. अर्थ असा की १०० डॉलर जिंकायला ११० लावायचे. वरचे १० म्हणजे बुकीचा ज्यूस, त्याचं कमिशन. दोन्ही बाजूंना हाच भाव, म्हणून निम्म्या बेट बरोबर आल्या तरी तुम्ही तोट्यात, नुसतं बरोबरीत राहायला ५२.४ टक्के लागतात. ऐकायला किरकोळ वाटतं ना? माझी वही निम्म्याच्या जराशी वर होती आणि हिशोब मांडला तर खाली मायनसच.

तक्रार एकच, बॅकडोअर कव्हर. तुमची टीम -९.५, १३ ने पुढे, मिनिटभर उरलंय, मॅच कधीच संपलेली, डिफेन्स ढिला पडलाय आणि समोरचे उगाच एक टचडाऊन टाकून जातात. जिंकणाऱ्या टीमला काडीचा फरक पडत नाही पण कव्हर गेलं. पैसे नसतानाही चिडचिड होते, पैसे असते तर काय झालं असतं कोणास ठाऊक. पण याच कारणाने मेलेली मॅचसुद्धा शेवटपर्यंत बघितली जाते हेही खरं, आणि २०१८ ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने राज्यांना बेटिंगला परवानगी देण्यापासून रोखणारा फेडरल कायदा रद्द करून बेटिंगचा निर्णय राज्यांवर सोडल्यापासून कॉमेंट्रीवालेही अशा टचडाऊनला जरा हसून बोलतात.

पुढच्या सिझनला वही चालू ठेवणार, फक्त सोमवारची लाईन आणि मॅचच्या आधीची लाईन अशा दोन्ही लिहीन, कुठून कुठे सरकली ते दिसायला पाहिजे. कॉलेज फुटबॉल मात्र घेणार नाही, तिथे -३० च्या लाईनी असतात आणि शेवटच्या क्वार्टरला मेन प्लेअर बाहेर बसवले की कव्हर राखीव पोरांच्या हातात.