आवाज बंद करून बघितलेले डान्स आणि माझे मार्क

माझी एक सवय आहे, घरातले सगळे हसतात पण सुटत नाही. टॅलेंट शोमधला गाजलेला डान्स दुसऱ्यांदा बघताना मी आवाज पूर्ण बंद करते. गाणं नाही, जजेसच्या किंकाळ्या नाहीत, मधेच धाडकन वाजणारा ढोल नाही, आणि मुख्य म्हणजे डान्सच्या आधी जी तीन मिनिटांची रडकी स्टोरी दाखवतात ती पण नाही. नुसती माणसं आणि त्यांची हालचाल. खरं सांगते, पहिल्यांदा बघताना ज्यावर अंगावर काटा आला होता त्यातले निम्मेअधिक डान्स इथेच झोपतात. मग कळतं की काटा डान्सने नाही, व्हायोलिनने आणला होता.

तर खाली जे लिहिलंय ते या चाळणीतून उरलेले. मार्क दहापैकी, माझे, भांडायचं असेल तर भांडा.

सुरुवात राघव जुयालपासून, कारण तो माझ्या चाळणीसाठीच जन्माला आलाय असं मला वाटतं. डान्स इंडिया डान्सचा तिसरा सीझन, २०१२. स्लो मोशन तेव्हा कोणी पहिल्यांदा करत होतं असं नाही, पॉपिंग, म्हणजे अंगाला झटके देत नाचायची स्टाइल, करणारी मुलं आधीपासून करायची, पण याच्यात एक गोष्ट वेगळी होती जी मला चार-पाच वेळा बघितल्यावर कळली. बाकीचे स्लो मोशन करताना हात-पाय हळू करतात आणि चेहरा मात्र नेहमीच्याच स्पीडने चालू असतो, पापणी पटकन लवते, ओठ हलतो, आणि तिथे फसवणूक पकडली जाते. याचा चेहरा पण हळू व्हायचा. मान वळायची तर आधी डोळे निघायचे, मग हनुवटी, मग खांदा, आणि वजन एका पायावरून दुसऱ्यावर जाताना मधे कुठे झटका म्हणून नाही. हे किती अवघड आहे ते मी आरशासमोर करून बघितलंय. हळू चालताना एक पाय हवेत असतो ना, तेवढा वेळ सगळं शरीर एका घोट्यावर तोलायचं असतं, माझा तोल तिसऱ्या सेकंदाला गेला आणि कपाटावर आदळले, ताईने त्याचा व्हिडिओ काढलाय, तो कुठे टाकणार नाही अशी शपथ घेतलीये. राघव जिंकला नाही, त्या सीझनची विनर राजस्मिता कर होती, आणि ती पण जबरदस्त होती, पण आज दहा माणसांना त्या सीझनबद्दल विचारा, काय आठवतं ते बघा. साडेनऊ.

त्याच शोच्या दुसऱ्या सीझनचा धर्मेश येलांडे पण राहून राहून आठवतो. शक्ती मोहन जिंकली तो सीझन, २०१०. शक्तीच्या कंटेम्पररीत हातापायांच्या लाइन सुंदर, त्यात वादच नाही, पण मला धर्मेश जास्त आवडायचा कारण त्याला विनोदाचं टायमिंग होतं, आणि डान्समधला विनोद आवाज बंद केल्यावर टिकणं ही फार दुर्मिळ गोष्ट आहे. बहुतेक ठिकाणी कॉमेडी अ‍ॅक्ट म्हणजे साउंड इफेक्टवर चालणारा मामला, टुंग वाजलं की हसायचं. धर्मेशचा नुसता खांदा उडाला तरी हसू यायचं. आठ.

आता ग्रुपवाले. इथे माझं मत जरा कडू आहे.

प्रिन्स डान्स ग्रुप, इंडियाज गॉट टॅलेंटचा पहिलाच सीझन, २००९. ओडिशाच्या बेरहामपूरकडची मुलं, बरीचशी बांधकामावर मजुरी करणारी, त्यात दोघं दिव्यांग. अंगाला चंदेरी रंग फासून ते कृष्णाचा अ‍ॅक्ट करायचे. आता या सगळ्याची स्टोरी चॅनलने पुरेपूर वापरली, वापरणारच, पण बाजूला ठेवा ती. आवाज बंद करा आणि बघा. त्यांच्यात एकट्याने टाळ्या घ्यायची घाई कोणालाच नव्हती. सगळे मिळून एक चित्र बनवायचे, ते चित्र क्षणभर थांबायचं, आणि मग तीच अंगं विरघळल्यासारखी होऊन पुढचं चित्र. रंग एकच असल्यामुळे कुठला हात कोणाचा हे कळतच नाही, ही त्यातली खरी चलाखी. त्यांच्यानंतर अंगाला रंग फासून फॉर्मेशन करणाऱ्या ग्रुप्सची जी लाट आली ती वर्षानुवर्षं ओसरली नाही, आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी रंग तेवढा उचलला, ते थांबणं उचललं नाही. नऊ.

आणि इथेच माझी सगळ्यात मोठी तक्रार, ती कलाकारांबद्दल नाही, कॅमेऱ्याबद्दल. असा फॉर्मेशनचा अ‍ॅक्ट समोरून बघण्यासाठी बसवलेला असतो, जजेस बसतात बरोबर तिथून. सरळ, स्थिर, सगळा स्टेज दिसेल असा एक शॉट पुरतो. पण नाही! चित्र पूर्ण होणार तेवढ्यात कट, जजचा आ वासलेला चेहरा. परत स्टेज, परत कट, प्रेक्षकांतली कोणीतरी तोंडावर हात ठेवलेली बाई. मग तो क्रेनवरचा कॅमेरा वरून गिरकी घेत येतो, वरून बघितल्यावर फॉर्मेशनचं काय दिसणार, डोकी! अरे बाबांनो, मला किती आश्चर्य वाटावं ते माझं मी ठरवेन ना, मला अ‍ॅक्ट दाखवा. आपल्या मराठी शोजमध्ये लावणीचं पण हेच, घुंगरू पायात आणि कॅमेरा चेहऱ्यावर. एकापेक्षा एक मध्ये महागुरूंच्या म्हणजे सचिन पिळगांवकरांच्या कमेंट्स मी आवडीने ऐकायचे, पण त्या कमेंट्स ज्या पायांबद्दल असायच्या ते पाय धड बघायला मिळाले असते तर अजून मजा आली असती.

बरं. व्ही अनबीटेबल. मुंबईची पोरं, २०१९ मध्ये अमेरिकाज गॉट टॅलेंटमध्ये गेली, पाहुणा जज म्हणून आलेला बास्केटबॉलपटू ड्वेन वेड याने त्यांच्यासाठी गोल्डन बझर (थेट पुढच्या फेरीत नेणारा) दाबला, शेवटी चौथी आली, आणि लगेच पुढच्या वर्षी त्याच शोचा चॅम्पियन्स सीझन जिंकून आली. नावातला व्ही म्हणजे विकास, त्यांचा ग्रुपमधला मित्र, प्रॅक्टिसमध्ये झालेल्या अपघातानंतर गेला. हे माहीत असताना त्यांना हवेत फेकलेलं बघणं मला जमत नाही, खरंच नाही जमत, मी उशी तोंडाशी धरून बघते. आवाज असो नसो. एक मुलगा हवेत सुटतो, उलटा फिरतो, आणि खाली झेलायला चार हात. तुम्ही वर जाणाऱ्याकडे बघू नका, एकदा फक्त खाली झेलणाऱ्यांकडे बघा. त्यांची नजर सतत वर असते, पाय मात्र खाली आपापली जागा शोधत सरकत असतात, आणि झेललं की लगेच पुढच्यासाठी वळतात, श्वास घ्यायला पण थांबत नाहीत. खरा डान्स मला तिथे दिसतो. पण डान्स म्हणून मार्क द्यायचे तर मी अडकते, कारण यातला बराचसा भाग अ‍ॅक्रोबॅटिक्स आहे आणि दोन फेकींच्या मधल्या स्टेप्स कधी कधी नुसत्या जागा भरायला टाकल्यासारख्या वाटतात. साडेआठ. काळजाचे वेगळे.

द किंग्जचं पण साधारण हेच, फक्त त्यांच्याकडे मधल्या स्टेप्स पण धारदार. सुरेश मुकुंदचा ग्रुप, हा पण मुंबईकडचाच, २०१९ ला वर्ल्ड ऑफ डान्सचा तिसरा सीझन जिंकला. त्या शोची मार्कांची पद्धत मला आवडायची, परफॉर्मन्स, टेक्निक, कोरिओग्राफी, क्रिएटिव्हिटी आणि प्रेझेंटेशन, प्रत्येकाला वीस, म्हणजे जजला नुसतं उभं राहून ओरडून चालायचं नाही, कुठे किती ते सांगावं लागायचं. फायनलला यांना शंभरपैकी शंभर पडले. जेनिफर लोपेझ, नी-यो, डेरेक हफ, तिघांकडून. शंभर मी नसते दिले (मला कोणी विचारलं नाही), पण सगळी माणसं एकदम वळून एकदम थांबतात तेव्हा थांबल्यावर एकाची पण बोटं हलत नाहीत, हे मी पॉज करकरून तपासलंय. नऊ.

पटकन दोन परदेशी. मय्यास, लेबनॉनच्या मुली, २०२२ चा अमेरिकाज गॉट टॅलेंट जिंकल्या, त्याआधी अरब्ज गॉट टॅलेंट पण. ओळीत उभ्या राहून हातांची जी लाट काढतात ती बघताना किती जणी आहेत हे मोजता येत नाही, मी प्रयत्न सोडला. यात पायांचं काम कमी आहे असं ताई म्हणते आणि तिचं बरोबर आहे, पण मला फरक पडत नाही. नऊ. दुसरे लाइट बॅलन्स, युक्रेनचे, अंगावर एलईडी लावून अंधारात नाचणारे, त्याच अमेरिकाज गॉट टॅलेंटमध्ये २०१७ ला तिसरे आले. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी वेडी झाले होते, आता बघताना फक्त सूट दिसतो. दिवा विझला की माणूस गायब, दिवा लागला की हजर, मग उडी मारली कोणी, माणसाने की रिमोटने? सहा, आणि त्यातले दोन मेहनतीचे.

आता माझा नंबर एक. यावर मी निबंध लिहू शकते, तरी आवरते.

सो यू थिंक यू कॅन डान्स हा अमेरिकन शो, सातवा सीझन, २०१०. या शोची गंमत अशी की तुम्ही ज्यात तयार आहात ते सोडून भलतीच स्टाइल करायला लावतात. अ‍ॅलेक्स वाँग हा मायामी सिटी बॅलेमधला डान्सर, आणि त्याच्या वाट्याला आलं हिप हॉप, जोडीला ट्विच, जो चौथ्या सीझनचा रनर-अप आणि हिप हॉपमधला पक्का माणूस. कोरिओग्राफी टॅबिथा आणि नेपोलियन या नवरा-बायकोची, ट्विच डॉक्टर आणि अ‍ॅलेक्स त्याचा पेशंट.

आता बॅलेवाल्याचं शरीर कसं असतं तर सगळं वर जाणारं. लहानपणापासून शिकवलेलं असतं की पाठ ताठ, मान लांब, जमिनीशी भांडण. हिप हॉप एकदम उलट, गुडघे वाकलेले, वजन खाली, जमिनीत रुतून नाचायचं. म्हणून बॅलेवाले हिप हॉप करतात तेव्हा ते बहुतेक वेळा शाळेच्या गॅदरिंगसारखं नीटनेटकं दिसतं. आणि हा माणूस! पहिल्या काही सेकंदात खाली बसला तो बसलाच, छाती अशी आपटतोय की शर्ट मागून येतोय. मी आवाज बंद करून, ट्विचला अंगठ्याने झाकून बघितलंय, मग अ‍ॅलेक्सला झाकून. दोघांचा झटका एकाच क्षणी थांबतो. आणि एक गोष्ट अशी की बॅले त्याच्यातून गेलेलं नाही, उडी मारल्यावर तो हवेत जो जरासा जास्त रेंगाळतो ते तिथलंच, पण उतरताना मांजरासारखा न उतरता दगडासारखा उतरतो. जाणूनबुजून. हे असं शरीराला विसरायला लावणं किती दिवसांत शिकला असेल? त्या शोत आठवड्याला नवा डान्स असतो!

पुढच्याच आठवड्यात रिहर्सलमध्ये त्याच्या टाचेजवळचा स्नायूबंध फाटला आणि तो शोमधून बाहेर पडला. फायनलला त्याच्या जागी एलेन डीजेनेरस येऊन ट्विचबरोबर तोच डान्स करून गेली, धमाल होती ती पण. ट्विच २०२२ च्या डिसेंबरमध्ये गेला. त्यानंतर हा डान्स मी काही महिने लावलाच नाही, आणि लावला तेव्हा आवाज चालू ठेवला, का ते माहीत नाही. दहा. हा एकच दहा आहे.

याच शोमधला पाचव्या सीझनचा व्यसनावरचा डान्स पण बघाच, २००९, मिया मायकल्सची कोरिओग्राफी, कायला आणि कुपोनो. मुलगी व्यसनात सापडलेली आणि मुलगा म्हणजे ते व्यसन. मुलाला स्टेप्स अशा जवळपास नाहीतच, तो नुसता धरतो, ओढतो, फिरवतो, आणि ती सुटून पळते तर तो मागे धावत पण नाही, त्याला माहीत असतं परत येणार. साडेनऊ, अर्धा मी कापला कारण त्या दिवशी मला झोप लागली नाही.

राहिला जॉर्ज सॅम्पसन. ब्रिटन्स गॉट टॅलेंट, २००८ चा विनर, तेव्हा १४ वर्षांचा, २००७ मध्ये येऊन परत गेलेला पोरगा. स्टेजवर वरून पाऊस पाडलाय आणि हा त्यात ब्रेकडान्स करतोय. पुढच्या वर्षी तिथेच डायव्हर्सिटी या डान्स ग्रुपने गायिका सुझन बॉयलला हरवलं ते जास्त गाजलं, तो अ‍ॅक्ट पण मस्त आहे, आठ घ्या त्याला. पण जॉर्जचं सांगते. यात माझी चाळणी चालत नाही. आवाज बंद केला की बूट आपटल्यावर उडणारं पाणी दिसतं, छान दिसतं, पण तो छपाक ऐकू येत नाही आणि अर्धी मजा त्या छपाकमध्येच आहे. ताईचं म्हणणं असं की मग नियम मोडायचा आणि नऊ द्यायचे. मी आठच दिलेत. ती अजून फुगलेली आहे.