संत्र्याची कलम घेताना: जंभेरीवरची की रंगपूरवरची?

मृग लागायच्या आधी विदर्भातल्या वरुड, मोर्शी, काटोल, नरखेडकडे कलमा बघत फिरणाऱ्या शेतकऱ्यांची गर्दी असते. भाव विचारतात, उंची पाहतात, पानांचा हिरवेपणा पाहतात. खुंट, म्हणजे ज्यावर संत्र्याचा डोळा (कोंब) बसवतात ते खालचं रोप, कोणता हे विचारणारा दहात एखादा. वरचा डोळा तर सगळ्यांचाच नागपुरी संत्र्याचा असतो. मातीशी, पाण्याशी आणि बुरशीशी गाठ पडते ती खालच्या खुंटाची, आणि बगीचा वीस वर्षं चालणार की आठव्या वर्षी वाळणार हे बरंचसं तिथंच ठरतं.

आपल्याकडे मुख्यतः दोनच खुंट मिळतात, दोन्ही लिंबूवर्गातले: जंभेरी आणि रंगपूर लाइम. त्यात जंभेरी जास्त. तिचं रोप जोमात वाढतं, डोळा भरण्याजोगी पेन्सिलएवढी जाडी लवकर धरतं, म्हणून पन्हेरीवाल्याला (रोपवाटिकेवाल्याला) ती परवडते. शेतकऱ्यालाही झाड मोठं, डेरेदार मिळतं आणि माल भरपूर लागतो. फळाची साल जरा जाड आणि गोडी थोडी कमी राहते, पण वजन भरतं. खाली मुरूम असलेल्या, पाणी निचरून जाणाऱ्या मध्यम जमिनीत जंभेरीला नावं ठेवायला जागा नाही. तिथे मी आजही जंभेरीच लावीन.

अडचण भारी काळ्या जमिनीत येते. माझ्या वावराचा वरचा भाग मुरमाड आणि नाल्याकडचा चिकण काळा. पंधरा वर्षांपूर्वी दोन्हीकडे जंभेरीवरच्याच कलमा लावल्या. वरची झाडं अजून उभी आहेत. नाल्याकडची सहाव्या वर्षी पिवळी पडायला लागली. आधी वाटलं खत कमी पडलं. मग एका झाडाचं बूड मोकळं केलं, तर सालीला उभ्या चिरा आणि त्यातून मधासारखा डिंक गळत होता. नखाने साल उचलली तर आत तपकिरी, कुजलेली. बारीक मुळी चिमटीत धरून ओढली की साल हातात यायची आणि आत नुसता दोरा उरायचा. हाच डिंक्या आणि हीच मूळकूज. फायटोफ्थोरा नावाची बुरशी साचलेल्या पाण्यात फोफावते आणि जंभेरी तिला लवकर बळी पडते. बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावली, पण मुळ्या गेलेल्या झाडाला वरून लावलेल्या पेस्टचा काय उपयोग? एका पावसाळ्यात सोळा झाडं गेली. पोटच्या पोरासारखी वाढवलेली झाडं कुऱ्हाडीने तोडताना काय वाटतं, ते ज्याने तोडली त्यालाच ठाऊक.

त्या रिकाम्या जागांत रंगपूरवरच्या कलमा लावल्या, जुन्या खड्ड्यापासून जरा सरकवून आणि गादीवाफ्यावर, म्हणजे माती उंच करून. आज त्यांना आठ वर्षं झाली. दोन झाडांना डिंक आला, बाकीची ठीक आहेत. यातलं किती श्रेय खुंटाचं आणि किती गादीवाफ्याचं, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. दोन्ही मिळूनच काम झालं.

रंगपूरचं फळ दिसायला छोट्या संत्र्यासारखं नारिंगी, आतूनही नारिंगी, पण चवीला आंबटढाण. या खुंटाची ताकद तीन ठिकाणी दिसते. तो पाण्याची ओढ चांगली सोसतो, चुनखडी आणि थोडेफार क्षार जंभेरीपेक्षा बरे पेलतो आणि मूळकुजीपुढे जास्त टिकतो. बोअर आटलेल्या गावात पहिला गुणही मोठाच.

त्याचं दुखणं वेगळं आहे. एक्झोकॉर्टिस नावाचा रोग रंगपूरला चटकन धरतो. डोळ्याखालची साल पोपडे धरून सुटते आणि झाड खुजं राहतं. हा रोग डोळकाडीतून (डोळे काढायच्या फांदीतून) आणि कलम बांधायच्या चाकूतून पसरतो. म्हणून रंगपूरवरची कलम घेताना मातृवृक्ष, म्हणजे ज्याचा डोळा घेतला ते झाड, निरोगी आणि तपासलेला असणं फार महत्त्वाचं. ब्राझीलमध्ये गोड संत्र्याच्या बागा अनेक दशकं बहुतांश रंगपूरवर होत्या. १९९९ च्या सुमारास तिथे या खुंटावरची झाडं अचानक वाळायला लागली आणि बागायतदारांना दुसरे खुंट शोधावे लागले. आपल्याकडचा रोग तो नव्हे, पण अख्खा बगीचा एकाच खुंटावर उभा करू नये, असं मला त्यावरून वाटतं.

तुमच्यासाठी कोणता? आधी वावरात तीन फुटांचा खड्डा खणा. खाली मुरूम लागला आणि खड्ड्यात ओतलेलं पाणी दुसऱ्या दिवशी मुरलं, तर जंभेरी घ्या. पाणी तसंच उभं राहिलं, तर रंगपूर घ्या, आणि तरीही चर खणून गादीवाफे करा. चिबड, म्हणजे पाणी साचून राहणाऱ्या जमिनीत कोणताच खुंट टिकत नाही. मातीत पांढरे खडे दिसत असतील तर माती तपासून घ्या. चुना दहा टक्क्यांच्या वर असेल तर रंगपूरही रडतखडतच वाढेल, तिथे संत्र्याचा हट्ट सोडलेला बरा. जमीन माझ्यासारखी मिश्र असेल तर दोन्ही आणा, फक्त कुठल्या ओळीत कोणता खुंट लावला ते वहीत टिपून ठेवा. सहा बाय सहा मीटरवर हेक्टरी २७७ झाडं बसतात. एवढ्यांचा हिशोब डोक्यात राहत नाही.

खुंट योग्य मिळाला तरी डोळा कुठे भरलाय ते बोटाने मोजा. जमिनीपासून नऊ इंचांवर हवा. तीन-चार इंचांवर भरलेल्या कलमा सर्रास विकल्या जातात. लावताना थोडी खोल गेली की डोळा मातीत जातो आणि चांगल्या खुंटाचा फायदा संपतो. संत्र्याची साल ओल्या मातीला टेकली की डिंक्या आलाच म्हणा.

घरीच कलमा करायच्या असतील तर जंभेरीच्या किंवा रंगपूरच्या पिकलेल्या फळाचं बी ताजंच पेरा, सुकवून ठेवू नका. एका बीतून दोन-तीन रोपं निघतात. बहुतेक आईसारखीच असतात, म्हणून फार खुरटी आणि फार वेगळी दिसणारी निर्दयपणे उपटून टाका. डोळा डिसेंबर ते फेब्रुवारीत भरा आणि चाकू प्रत्येक मातृवृक्षागणिक निर्जंतुक करा.

विकत घेणार असाल तर पावतीवर खुंटाचं नाव लिहून मागा. नुसत्या पानांवरून खुंट ओळखणं भल्याभल्यांना जमत नाही, आणि "जंभेरीच आहे भाऊ, काळजी करू नका" हे तोंडी उत्तर सहा वर्षांनी कामाचं राहत नाही. लिहून देत नसेल तर पुढच्या पन्हेरीत जा.