ब्रुसेलोसिससाठी रोझ बेंगाल चाचणी संच : वर्षभराच्या वापरानंतरचा अभिप्राय

गाभणपणाच्या शेवटच्या टप्प्यात जनावराने गाभ टाकला, की पशुवैद्यकाला पहिली शंका ब्रुसेलोसिस या जिवाणूजन्य आजाराची येते, आणि तिची प्राथमिक तपासणी प्रयोगशाळेच्या अहवालाची वाट न पाहता करता यावी म्हणून आम्ही वर्षभर हा संच वापरत आहोत. रक्तजल (रक्त गोठल्यावर वेगळा होणारा द्रव) व गुलाबी प्रतिजन (या आजाराच्या रंगवलेल्या जिवाणूंचे द्रावण) प्रत्येकी 30 मायक्रोलिटर घेऊन पांढऱ्या पट्टीवर मिसळायचे आणि पट्टी चार मिनिटे हलक्या हाताने डोलवायची, एवढीच कृती आहे. निगेटिव्ह थेंब शेवटपर्यंत एकसारखा गुलाबी राहतो. पॉझिटिव्ह थेंबात आधी कडेला रवाळ कण धरतात आणि मग मधला भाग निवळतो. प्रतिजनाच्या गुणवत्तेबद्दल तक्रार नाही, मात्र फ्रिजमधून काढलेली कुपी खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी लागते.

सोबतचा ड्रॉपर निरुपयोगी आहे. त्याचा थेंब कधी लहान, कधी मोठा पडतो, त्यामुळे आम्ही पहिल्याच आठवड्यात तो बाजूला ठेवून मायक्रोपिपेट घेतले.

खरी उणीव माहितीपत्रकात आहे. कालवडींना लहान वयात दिल्या जाणाऱ्या एस-19 या ब्रुसेलोसिसविरोधी लसीमुळेही ही चाचणी पॉझिटिव्ह येऊ शकते, याचा त्यात उल्लेखच नाही. आमच्याकडे लस टोचलेल्या तीन कालवडी अशाच 'रोगी' ठरल्या आणि लसीकरणाची नोंदवही वेळेवर सापडली नसती तर मालकाने त्या कळपातून काढल्या असत्या. उलट, नुकताच गाभ टाकलेली बाधित गाय काही काळ निगेटिव्हही दिसू शकते, म्हणून काही आठवड्यांनी तिची फेरतपासणी करावीच लागते. देखरेखीसाठी गायींच्या एकत्रित दुधाची रिंग चाचणी (दुधातली या आजाराची प्रतिपिंडे दाखवणारी) ठरावीक काळाने करावी, तिथे शंका आली की एकेका गायीचे रक्तजल या संचाने तपासावे आणि पॉझिटिव्ह निकालाची एलायझा या प्रयोगशाळेतल्या चाचणीने खात्री करून घ्यावी, हा क्रम पत्रकात चार ओळींत मावला असता. (शेळ्यांच्या दुधावर रिंग चाचणी भरवशाची नाही, तिथे रक्तच घ्यावे लागते.)

संचातले प्रतिजन मृत जिवाणूंचे असल्याने त्यापासून संसर्ग होत नाही. धोका असतो तो गाभडलेला गर्भ, जार आणि स्राव उघड्या हातांनी हाताळण्यात. माणसाला हा आजार जडला, तर वारंवार उलटणारा ताप व सांधेदुखी मागे लागते आणि प्रतिजैविके साधारण सहा आठवडे घ्यावी लागतात. तरीही संचात हातमोज्यांची एक जोडीही नाही.

पुढच्या वर्षीही आम्ही हाच संच मागवणार आहोत, फक्त मागणीपत्रात पॉझिटिव्ह व निगेटिव्ह अशी दोन्ही नियंत्रण रक्तजले (निकाल आधीच ठाऊक असलेली, तुलनेसाठीची) द्यावीत, असे लिहिले आहे; सध्या त्यातले पॉझिटिव्ह तेवढे मिळते.