ऑटोमॅटिक गाडी झटके देत असेल तर आधी इथे दाखवा, मग बाकीचं (भोसरी एमआयडीसी)

एवढा मोठा रिव्ह्यू मी कधी लिहीत नाही पण या गॅरेजच्या लोकांनी गिअरबॉक्स खाली न उतरवता माझे अडीच लाखाच्या वर पैसे वाचवलेत, त्यामुळे लिहायलाच पाहिजे.

गाडी 2016 ची डिझेल एसयूव्ही, सहा गिअरची टॉर्क कन्व्हर्टरवाली (म्हणजे इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग असलेली) ऑटोमॅटिक, 1 लाख 12 हजार किमी झालेत. डाव्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मला क्लचची गाडी जमत नाही, म्हणजे ही उभी राहिली की माझं ऑफिस, मुलाचा क्लास, सगळंच अडतं. मार्चपासून दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना धाडकन झटका बसायला लागला, मागून कोणीतरी ठोकल्यासारखा, आणि सिग्नलला थांबताना खालचे गिअर पडताना पण ठक्क. रोज नाही हां, चार दिवस एकदम मक्खन आणि पाचव्या दिवशी परत सुरू. अजून एक म्हणजे एक्सप्रेसवेवर 100 च्या स्पीडला जिथे आरपीएमचा काटा 1,900 ला असायचा तिथे मधूनच 2,200 वर जायचा आणि परत खाली यायचा, ते मी कुणाला सांगितलंच नव्हतं कारण मला वाटलं त्याचा झटक्यांशी काही संबंध नसेल.

आधी जिथे नेहमी सर्व्हिसिंग करते तिथे नेली. स्कॅनर लावला, म्हणाले कोड (बिघाडाची नोंद) काही नाही, दहा मिनिटं चक्कर मारली आणि एस्टिमेट हातात दिलं, गिअरबॉक्स कम्प्लीट बदलायचा, 2 लाख 70 हजार. मी विचारलं आत नक्की काय गेलंय, तर उत्तर नाही. दुसऱ्या एका गॅरेजवाल्याने सांगितलं व्हॉल्व्ह बॉडी (गिअरबॉक्समधलं ऑइल इकडे-तिकडे वळवणारा भाग) असणार, साठ-सत्तर हजार, "टाकून बघू". माझे साठ हजार टाकून बघायचे? त्या रात्री मला झोप लागली नाही खरंच.

मग ऑफिसमधल्या एकाने इथला पत्ता दिला. गॅरेज चालवणाऱ्या काकांनी स्कॅनरला हातच लावला नाही आधी. म्हणाले, "ताई, झटका किती जोरात बसतो ते नंतर, कधी बसतो ते सांगा." गाडी थंड असताना का गरम झाल्यावर, कुठल्या गिअरला, गिअर चढताना का उतरताना, न्यूट्रलवरून डीमध्ये टाकताना बसतो का, आरपीएम कधी उगाच वाढतं का (इथे मला एक्सप्रेसवेचं आठवलं), आणि गेल्या सहा महिन्यांत गाडीला कुठलंही काम केलंय का, गिअरबॉक्सचं नसलं तरी. मी म्हटलं बॅटरी बदललीय फेब्रुवारीत. ते त्यांनी वहीत लिहून घेतलं आणि खाली रेघ मारली.

मग बोनेट उघडून, ब्रेक घट्ट दाबून मला डी आणि आर मध्ये आळीपाळीने टाकायला लावलं आणि इंजिन किती हलतंय ते बघितलं, कारण माउंट (इंजिन ज्यावर बसवलेलं असतं ते) गेलं असेल तरी असाच ठोका बसतो आणि लोक उगाच गिअरबॉक्सला दोष देतात. माउंट ठीक निघालं. नंतर गिअरबॉक्सच्या ऑइलची लेव्हल. या गिअरबॉक्सला डिपस्टिक नाही, त्यामुळे गाडी लिफ्टवर सरळ लेव्हलमध्ये, इंजिन चालू, ऑइलचं टेम्परेचर स्कॅनरवर बघत बघत ठरलेल्या आकड्याला आलं की खालचा प्लग उघडायचा आणि बारीक धार पडली म्हणजे लेव्हल बरोबर. गार ऑइलवर बघितलं तर लेव्हल चुकीची कळते, हे मला इथे कळलं. आमची बरोबर होती.

मग लाइव्ह डेटा (गाडी चालताना सेन्सरचे आकडे टॅबवर) लावून टेस्ट ड्राइव्ह, आणि गाडी मलाच चालवायला सांगितली, "रोज चालवता तश्शीच चालवा". शेजारी त्यांचा पोरगा टॅब घेऊन. नाशिक फाट्याच्या पुलावर चढलो, ऑइलचं टेम्परेचर 78, 81, 82, आणि पुलाच्या जॉइंटवर चाक आपटलं तसा आकडा थेट उणे 40! मे महिन्यात! दोन-तीन सेकंदात परत 82, पण तेवढ्यात गिअर पडला आणि तोच धाडकन झटका. मी तर गाडी बाजूला घेऊन त्या टॅबकडे बघतच बसले.

काकांनी मग नीट समजावलं. टेम्परेचर सेन्सरची वायर तुटली की कॉम्प्युटरला उणे 40 दिसतं. थंड ऑइल घट्ट असतं म्हणून तो प्रेशर वाढवतो, त्यामुळे गिअरबॉक्सच्या आतले क्लच एकदम पकडतात आणि आपल्याला झटका बसतो. आणि ऑइल थंड आहे असं वाटलं की टॉर्क कन्व्हर्टर लॉक करत नाही, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडले जात नाहीत, म्हणून ते 2,200 आरपीएम. बिघाड दोन-तीन सेकंदच टिकत होता म्हणून कोड पडतच नव्हता.

बॅटरीचा ट्रे काढला तर खाली त्याच सेन्सरचं वायरिंग दाबलं गेलेलं, बॅटरी बदलताना कुणीतरी ट्रे तसाच वरून आवळला होता. वरचं प्लास्टिक चपटं झालेलं, आत तांबं हिरवं पडलेलं आणि फक्त दोन तंतूंवर वायर लटकत होती. मला बोलावून दाखवली.

वायर नवीन जोडून, कॉम्प्युटरने शिकलेल्या चुकीच्या व्हॅल्यू रिसेट करून, त्याला नव्याने शिकवायला परत लर्निंग ड्राइव्ह केली. ऑइल पण बदलू का विचारलं तर म्हणाले आत्ता नको, दोन दिवस चालवा, दोन्ही एकदम केलं तर कशाने बरं झालं ते कळणार नाही. हे मला फार आवडलं, कारण ऑइल लगेच विकता आलं असतं. दोन दिवस एकही झटका नाही. मग ऑइल बदललं, दोनदा, कारण एकदा काढून निम्मंच निघतं, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये राहतं. जुनं ऑइल तपकिरी झालेलं पण जळका वास नाही, पॅनमधल्या मॅग्नेटवर नुसता करडा गाळ, चुरा नाही, म्हणजे आतले क्लच शाबूत. निदानाचे 1,500, वायरिंगचे 1,200, ऑइल-फिल्टर-मजुरी धरून एकूण 13,400, पक्कं बिल.

एक स्टार कापतेय कारण एका दिवसाचं सांगून तीन दिवस लावले, फोन कोणी उचलत नाही, आणि बसायला एक स्टूल आहे तोही ग्राइंडरच्या शेजारी. वयस्कर माणसांना सोबत नेऊ नका.

जाणार असाल तर गाडी आदल्या संध्याकाळी सोडा, सकाळी थंड इंजिनवर पहिला स्टार्ट त्यांनाच करायचा असतो. आणि मागच्या वर्षभराची सगळी बिलं न्या, बॅटरी-टायरची सुद्धा.