माकासाए कुळघरावरील सचित्र व्याख्यान : एक अभिप्राय

दादरच्या एका छोट्या सभागृहात पूर्व तिमोरमधील माकासाए समाजाच्या कुळघरावर सचित्र व्याख्यान ऐकले. तिकिटाचे १५० रुपये वसूल झाले, पंखे मात्र नावालाच होते. बाउकाउ आणि विकेके भागांत खांबांवर उभी राहणारी ही पवित्र घरे आपला उगम मूळ पूर्वजापर्यंत सांगतात, त्यांत वाडवडिलांच्या वस्तू जपल्या जातात आणि मुलगी देणारी व घेणारी कुळे कोणती, हेही याच घरांच्या नात्यांवरून ठरते, हा भाग वक्त्यांनी फार सुरेख उलगडला. (मला आमचे कोकणातले मूळ घर आठवले.) १९७५ ते १९९९ या इंडोनेशियाच्या ताब्याच्या काळात अनेक घरे नष्ट झाली व पुढे कुळांनी ती पुन्हा उभारली, हे मात्र दोनच वाक्यांत उरकले.