गणपती नसलेलं मंडळ: अलम्नी चॅप्टरला ब्रंच तारतो की काम?

सोरोरिटी म्हणजे अमेरिकन कॉलेजांतली, ग्रीक अक्षरांचं नाव लावणारी मुलींची संघटना. पदवी मिळाली की मुलगी ‘अलम्ना’ होते आणि जिथे नोकरी लागेल त्या गावच्या अलम्नी चॅप्टरमध्ये, म्हणजे पदवी घेतलेल्या सभासदांच्या स्थानिक शाखेत, तिने जावं अशी अपेक्षा असते. पुष्कळजणींचं ते राहूनच जातं. आमच्या चॅप्टरची सदस्यनोंदणी तीन वर्षं माझ्या गळ्यात आहे. तुमच्या पडणार असेल, तर आधी एवढंच ठरवा: चॅप्टर गाठीभेटींवर चालवायचा की कामावर?

गाठीभेटींचा चॅप्टर चालवायला सोपा. वर्षातून चार ब्रंच, एखादा बुक क्लब, वर्गणी किरकोळ. तान्हं मूल घेऊन येता येतं, दोनदा चुकलं तरी कोणी विचारत नाही. सत्तरीच्या बायकांना तर हेच हवं असतं, आणि त्यात गैर काही नाही. अडचण नव्या मुलीची होते. मागे एकदा लायब्ररीच्या खोलीत भेटलो होतो. नुकतीच पदवी घेतलेली एक मुलगी आली. आम्ही तिला नावाची चिठ्ठी लावली, बेगल दिला, ‘कुठल्या वर्षाची गं तू?’ विचारलं आणि परत आमच्या हाउस मदरच्या, म्हणजे सोरोरिटीचं घर सांभाळणाऱ्या बाईंच्या, गोष्टींत रमलो. अर्धा बेगल कागदी रुमालात गुंडाळून ती कधी निघून गेली, कळलंच नाही. स्वागतात उणीव नव्हती. तिला करण्यासारखं तिथे काही नव्हतं.

कामाचा चॅप्टर म्हणजे काय, ते जुन्या संघटनांकडे पाहिलं की कळतं. पाय बीटा फाय ही 1867 साली इलिनॉयमधल्या मॉनमथ कॉलेजात सुरू झालेली संघटना. तिने 1912 मध्ये टेनेसीच्या डोंगरातल्या गॅटलिनबर्ग गावात मुलांसाठी शाळा काढली. ज्यांचं कॉलेज कधीच मागे पडलं होतं अशा बायकांनी ती पुढे कित्येक वर्षं जगवली. तिथली हस्तकलेची परंपरा आजही ॲरोमाँट या कलाशाळेत चालू आहे. कृष्णवर्णीय स्त्रियांच्या संघटनांत तर काम हाच कणा. हॉवर्ड विद्यापीठात जानेवारी 1913 मध्ये 22 विद्यार्थिनींनी डेल्टा सिग्मा थीटा स्थापन केली आणि मार्चमध्ये त्या वॉशिंग्टनच्या स्त्री-मताधिकार मोर्चात उतरल्या. त्याच विद्यापीठात 1908 मध्ये सुरू झालेल्या अल्फा कॅप्पा अल्फात काय किंवा डेल्टात काय, पदवीनंतरही रीतसर प्रवेश मिळतो. कॉलेज ही नुसती सुरुवात. वर्गणी भरलेलीला तिथे ‘फायनान्शियल’ म्हणतात, आणि ‘तू फायनान्शियल आहेस ना?’ हे विचारताना कोणी संकोचत नाही.

आता याची किंमत. समित्या, इतिवृत्तं, हिशेब. बहुतेक भार चौघी-पाचजणींवर पडतो आणि त्या थकल्या की सगळंच बसतं. आमच्याकडे एका वर्षी खजिनदार मिळेना म्हणून निधीसंकलनच रद्द झालं. ब्रंच असा रद्द होत नाही.

एका बाबतीत मात्र मला दोन्हींत तुलनाच वाटत नाही. बऱ्याच संघटना कॉलेजात सभासद नसलेल्या प्रौढ स्त्रीलाही घेतात, तिला ‘अलम्ना इनिशिएट’ म्हणतात. ब्रंचवाल्या चॅप्टरला ती पचत नाही, कारण तिच्याकडे सांगायला हॉस्टेलची एकही आठवण नसते. कामाच्या ठिकाणी हा प्रश्न दुसऱ्या दिवशी कोणाच्या लक्षातही राहत नाही.

आपल्याकडच्या मुली ज्यांत जातात त्या दक्षिण आशियाई संघटनांचं गणित निराळं. ऑस्टिनची कॅप्पा फाय गॅमा, ह्यूस्टनची डेल्टा फाय ओमेगा, न्यूयॉर्कची सिग्मा सिग्मा ऱ्हो, तिन्ही 1998 च्या. म्हणजे सर्वांत ज्येष्ठ अलम्नाही अजून पन्नाशीच्या आतबाहेर. मुलं मोठी झाली, वेळच वेळ आहे, अशी फळी तिथे अजून तयारच झालेली नाही. अशा चॅप्टरवर आठ समित्या लादू नका. ब्रंच ठेवा, पण वर्षातून एक दिवस कामाचा असाच ठेवा की तो चुकवणं जिवावर येईल. महाराष्ट्र मंडळात वर्षभर न फिरकलेलं माणूसही गणपतीला येतं, आणि मोदक वळायला हात कमी पडतात म्हणून नव्या सुनेला पाच मिनिटांत स्वयंपाकघरात ओढलं जातं. सोरोरिटीला गणपती नाही, तो शोधावा लागतो.

मोठं शहर असेल, चाळीसेक बायका वर्गणी भरत असतील, तर सरळ कामाचा चॅप्टर करा. पदं मात्र दोन वर्षांपुरतीच ठेवा आणि प्रत्येक पदावर जोडीला एक नवी बसवा. पहिल्या वर्षाची वर्गणी माफ करा. ईमेल पाठवण्यापेक्षा फोन करा, आणि पदवीचं वर्ष विचारू नका.

आम्ही यंदा शाळेच्या दप्तरांचं काम घेतलं. पहिल्यांदाच आलेल्या एका मुलीला दप्तरांवर लेबलं चिकटवायला बसवलं. दुपारी वेळ संपली तरी लेबलं उरली होती. ‘घरी नेऊन करते,’ म्हणाली. पुढच्या महिन्यात ती आली, कारण लेबलं तिच्याकडे होती.